ब्लोअर पाठीवर देता, तर कानाला मफही द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या वाचकपत्रांच्या सदरात गेले काही दिवस पानं उडवणाऱ्या पेट्रोल ब्लोअरवरून चांगलीच जुंपली आहे. एका बाईंनी लिहिलं की सकाळी सहाला खिडकीखाली हे यंत्र सुरू होतं आणि घरातलं तान्हं मूल दचकून उठतं. त्यावर एका सोसायटीच्या सचिवांचं उत्तर आलं: झाडूनं दोन माणसांना अर्धा दिवस पुरायचं ते काम आता एकटा माणूस बघता बघता उरकतो, तेव्हा थोडा आवाज सहन करायला काय हरकत आहे? तिसऱ्या पत्रात सरसकट बंदीची मागणी. मी छोटी इंजिनं दुरुस्त करणारा माणूस. ग्रास कटर, चेनसॉ, फवारणीचे पंप आणि अलीकडे हे ब्लोअर माझ्या टेबलावर उघडे पडलेले असतात. तिन्ही पत्रं वाचली, तिघांचंही थोडंथोडं पटलं. पण ज्याच्या पाठीवर ते धूड असतं, त्या माणसाबद्दल कुणी चकार शब्द काढलेला नाही.

यंत्र विकत घेतो एक, चालवतो दुसरा आणि आवाज ऐकतो तिसरा. मधल्याला कुणी काही शिकवलेलं नसतं. मुकादम दोरी कशी ओढायची ते दाखवतो, आणि झालं प्रशिक्षण. वाचकांच्या तक्रारीतला पुष्कळसा आवाज, धूर आणि धूळ यातूनच येते, असं माझं म्हणणं आहे. काय होतं ते जरा उघडून सांगतो.

परवाच एक पाठीवरचा ब्लोअर आला. तक्रार नेहमीची: दम नाही, रेस घेत नाही, धूर मारतो. एअर फिल्टरचं झाकण काढलं. आतल्या फोमचा मूळ रंग कुठला होता ते कळत नव्हतं. बोटांनी दाबला तर त्यातून बारीक मातीची पूड गळली. प्लग काढला, त्याचं टोक ओलसर काळं. सायलेन्सरच्या तोंडाशी ठिणगी बाहेर पडू नये म्हणून एक छोटीशी जाळी असते. ती काजळीनं इतकी बुजलेली, की उजेडासमोर धरली तरी आरपार दिसेना. म्हणजे इंजिनाला हवा आत घ्यायला जागा नाही आणि धूर बाहेर सोडायलाही नाही. फिल्टर चोंदला की हवा कमी येते, पेट्रोलचं प्रमाण वाढतं, ते धड जळत नाही, त्याची काजळी जाळीवर बसते, आणि जाळी बुजली की ताकद आणखी घटते. चालवणारा बिचारा काय करणार? तो रेस पूर्ण दाबून लॉक करून टाकतो आणि दिवसभर तसाच फिरतो. बाईंच्या खिडकीखाली तो फुल रेसचा आवाज पोचतो तो असा.

फोम साबणाच्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवला. जाळी तारेच्या ब्रशनं घासली. प्लग बदलला. आधी पूर्ण रेसवर जी पानं जागची हलत नव्हती ती निम्म्या रेसवर पळायला लागली. याला दुरुस्ती म्हणायलाही लाज वाटावी, इतकं ते साधं काम. आणायला आलेला माणूस म्हणाला, "हे झाकण उघडतं हेच ठाऊक नव्हतं." मला त्याचा राग आला नाही. यंत्रासोबत आलेलं पुस्तक ऑफिसच्या कपाटात, बिलाच्या फायलीत सुरक्षित होतं.

दुसरं मोठं दुखणं ऑइलचं, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळ्यात जास्त इंजिनं इथेच मरतात. यातली बहुतेक इंजिनं टू-स्ट्रोक. त्यांना ऑइलची वेगळी टाकी नसते. पेट्रोलमध्येच टू-टी ऑइल मिसळायचं आणि तेच पिस्टनला, बेअरिंगला वंगण पुरवतं. हल्लीच्या बऱ्याच यंत्रांना ५० भाग पेट्रोलला १ भाग ऑइल लागतं, म्हणजे लिटरला २० मिली. काहींना २५ ला १, म्हणजे लिटरला ४० मिली. आपल्या यंत्राला काय लागतं ते पुस्तकात लिहिलेलं असतं. तेच प्रमाण खरं, बाकी सगळ्या गावगप्पा. प्रत्यक्षात बाटलीच्या बुचानं, डोळ्यांच्या अंदाजानं, "थोडं जास्तच घाल, इंजिन टिकेल" म्हणत ऑइल ओततात. जास्त ऑइलनं इंजिन टिकत नाही. निळसर धूर येतो, प्लग काळा पडतो, जाळी बुजते. शिवाय कार्बोरेटरच्या जेटमधून, म्हणजे इंधनाच्या बारीक भोकातून, ठरावीकच मिश्रण जातं. त्यात ऑइल वाढलं की पेट्रोलचा वाटा घटतो, हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

कमी ऑइल त्याहून वाईट. आणि ऑइल अजिबातच नसेल तर थोड्याच वेळात खेळ खलास. रेस फुल असताना यंत्र अचानक गप्प होतं, दोरी ओढावी तर हलत नाही. उघडून बघितलं की पिस्टनच्या अंगावर उभे ओरखडे, सिलिंडरच्या आतला गुळगुळीत थर खरवडलेला. हे बहुतेक वेळा कुणाच्या दुष्टपणानं होत नाही. साधं पेट्रोल आणि मिश्रण सारख्याच दोन कॅनमध्ये शेजारी शेजारी ठेवलेलं असतं. म्हणून टू-टी ऑइलला निळा किंवा हिरवा रंग दिलेला असतो. ओतण्याआधी रंग बघायची सवय लावा आणि कॅनवर मार्करनं मोठ्या अक्षरात प्रमाण नि मिसळल्याची तारीख लिहा. मापासाठी औषध द्यायची २० मिलीची सिरिंज ठेवली तर डोकं चालवावंच लागत नाही: ५० ला १ असेल तर लिटरला एक सिरिंज. आधी कॅनमध्ये निम्मं पेट्रोल, मग ऑइल, झाकण लावून हलवायचं, मग उरलेलं पेट्रोल, पुन्हा हलवायचं. यंत्राच्या टाकीत थेट ऑइल ओतून वरून पेट्रोल टाकू नका. ते तळाशी बसून राहतं आणि पहिल्या काही मिनिटांत प्लगच गारद करतं.

ऑइल कुठलं? हवेनं थंड होणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनाचं. डब्यावर जेएएसओ एफसी किंवा एफडी अशी खूण शोधा. एफडी अधिक स्वच्छ जळतं आणि काजळी कमी सोडतं. एपीआय टीसी हीसुद्धा हवेनं थंड होणाऱ्या इंजिनांसाठीचीच खूण. बोटीच्या इंजिनाचं टीसी-डब्ल्यू३ वापरू नका, ते पाण्यानं थंड होणाऱ्या इंजिनासाठी केलेलं असतं. आणि गाडीच्या क्रँककेसमधलं इंजिन ऑइल तर मुळीच नको. फोर-स्ट्रोक ब्लोअरही मिळतात. त्यांच्यात ऑइल वेगळं भरायचं, ते वेळेवर बदलायचं, मिश्रणाची भानगड नाही. पण गंमत अशी की काही इंजिनं व्हॉल्व्हची, फोर-स्ट्रोकसारखीच चालणारी असूनही त्यांना मिश्रणच लागतं. म्हणून पुन्हा तेच, पुस्तक कपाटातून बाहेर काढा.

मिश्रण महिनाभरात संपवावं. पेट्रोलमध्ये इथेनॉल असेल तर याला आणखी महत्त्व. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. ओल फार झाली की पाणी आणि इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशी उतरतं, ऑइल मात्र वरच्या पेट्रोलबरोबर राहतं. टाकीतला फिल्टर तळाशीच लोळत असतो, तो तिथलंच ओढतो, आणि इंजिनाला ऑइल नसलेलं पाणचट काहीतरी मिळतं. रबरी नळ्या कडक होऊन चिरतात, कार्बोरेटरमधला पातळ पडदा, ज्याला आम्ही डायफ्राम म्हणतो, तो ताठ होतो. बरेच उत्पादक १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असं स्पष्ट लिहितात.

आता खरेदीबद्दल, कारण सचिवांचा रोख तिकडे होता. घेताना सगळे हवेचा वेग विचारतात, कारण तो आकडा मोठा दिसतो. हवेचा वेग मीटर प्रतिसेकंदात किंवा ताशी किलोमीटरमध्ये देतात, आणि किती हवा बाहेर पडते ते घनमीटर प्रतिमिनिट किंवा सीएफएम म्हणजे घनफूट प्रतिमिनिटमध्ये. नळीचं तोंड अरुंद केलं की वेग वाढतो, पण तेवढ्यानं हवा जास्त येत नाही. जमिनीला चिकटलेलं एखादं ओलं पान सोडवायला वेग लागतो. सुटलेल्या पानांचा ढीग ढकलत न्यायला हवेचा लोट लागतो. दोन्ही मिळून जो जोर पडतो तो हल्ली काही कंपन्या न्यूटनमध्ये लिहितात. तुलना करायची तर मी तोच आकडा बघेन. हातातली यंत्रं साधारण १२ ते १५ न्यूटनांची, २५ ते २८ सीसीची. पाठीवरची २० न्यूटनांपासून पुढे, ४० ते ८० सीसीपर्यंत. जागा लहान असेल तर मोठं इंजिन घेऊन काही साधत नाही. छोट्या अंगणात पाठीवरचा ब्लोअर फिरवणं म्हणजे चिलटावर तोफ डागणं.

आकड्यांइतकंच वजन बघा. हातातलं यंत्र चार-पाच किलोचं असतं, इंधन भरल्यावर आणखी जड, आणि ते एकाच हातात लटकतं. पाठीवरचं आठ-दहा किलो किंवा त्याहून जास्त, पण भार खांद्यांवर आणि कमरेवर वाटला जातो. म्हणून माझं मत असं की घेण्याआधी ज्याला चालवायचंय त्याच्याच पाठीवर ते चढवून बघावं. पट्टे त्याच्या अंगाला बसतात का? नळी एवढी लांब आहे का, की वाकल्याशिवाय तोंड जमिनीजवळ पोचेल? दोरी त्याला ओढवते का? रेस कुठल्याही ठिकाणी लॉक करता येते, की फक्त पूर्ण दाबावी लागते? बूट मापाचे नसले तर आपण घेत नाही, पण दिवसचे दिवस पाठीवर वागवायचं यंत्र ज्यानं आयुष्यात ते उचललेलं नाही असा माणूस चित्र बघून निवडतो. आणि सुटे भाग मिळतात का ते विचारा. फिल्टर, स्टार्टरची दोरी, डायफ्रामचं किट मिळत नसेल तर कितीही स्वस्त यंत्र शेवटी अडगळीत जातं.

आवाजाबद्दल तर लिहायलाच हवं. माहितीपत्रकात ६५ किंवा ७० डेसिबल असं काहीसं छापलेलं असतं. तो आकडा बहुधा १५ मीटर म्हणजे ५० फूट अंतरावरचा असतो. चालवणाऱ्याचे कान इंजिनापासून हातभर अंतरावर असतात आणि तिथे आवाज ९५, १०० डेसिबलपर्यंत जातो. अमेरिकेत कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणारी नायोश ही सरकारी संस्था आहे. तिच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलच्या आवाजात दिवसाला ८ तास, आणि त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ८८ ला ४ तास, ९४ ला १ तास आणि १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं. आता सांगा, आपला माणूस किती वेळ चालवतो? कानात कापसाचे बोळे घातलेले असतात, त्यानं काही होत नाही. कानावर घट्ट बसणारे मफ नाहीतर फोमचे प्लग लागतात. ऐकू येणं हळूहळू कमी होतं, आणि गेलेलं परत येत नाही. माझ्याकडे येणाऱ्या काही जणांशी मला आता ओरडूनच बोलावं लागतं. बरं, ते वयानं माझ्यापेक्षा लहान आहेत.

हातांचंही तसंच. सतत थरथरणाऱ्या मुठीमुळे बोटांना मुंग्या येतात, पुढे गारठ्यात बोटं पांढरी पडतात. युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशात यासाठी आठ तासांच्या सरासरीला अडीच मीटर प्रतिसेकंद वर्ग ही दखल घेण्याची पातळी आणि पाच ही कमाल मर्यादा ठरवून दिली आहे. चांगल्या यंत्राच्या पुस्तकात मुठीच्या कंपनाचा आकडा असतो. नसेल तर मूठ रबरावर बसवली आहे का ते हलवून बघा. पंख्याचं एखादं पातं तुटलं किंवा चिरलं असेल तर थरथर एकदम वाढते. अशा वेळी यंत्र तिथल्या तिथे बंद करायचं. ते पातं पुढे सुटलं तर आतल्या आत ठिकऱ्या उडतात.

वापरायची रीत मी स्वतः एका जुन्या माळ्याकडे बघून शिकलो. तो सकाळी लवकर ब्लोअरला हातच लावायचा नाही. दवानं भिजलेली पानं फरशीला चिकटलेली असतात, ती हलवायला फुल रेस लागते. ऊन वर येऊन पानं सुकली की तेच काम निम्म्या रेसवर होतं. म्हणजे सहाला सुरू करण्यात यंत्राचाही फायदा नाही, माणसाचाही नाही, आणि खिडकीतल्या मुलाचा तर नाहीच नाही. कुठेतरी हजेरीच्या वेळेशी जोडून ठेवलंय म्हणून ते होतं. हा माळी वारा कुठून येतोय ते बघायचा आणि वाऱ्याच्या दिशेनंच ढकलायचा. नळीचं तोंड जमिनीला जवळजवळ आडवं, पानांच्या मागे हात-दीड हात. मनगटानं डावीकडून उजवीकडे संथ झोका देत तो पुढे सरकायचा. पानं त्याच्यापुढे लाटेसारखी घरंगळत जायची आणि एका कडेला अंथरलेल्या ताडपत्रीवर जमायची. रेस तो सारखी कमीजास्त करायचा, मोकळ्या फरशीवर कमी, कुंपणाच्या कोपऱ्यात क्षणभर जास्त. तोंड वर करून पानं हवेत उडवणाऱ्यांना तो हसायचा. चिकटलेला थर आधी खराट्यानं सैल करायचा. खराटा ब्लोअरचा वैरी आहे असं समजणाऱ्यांनी त्याचं काम बघायला हवं होतं.

धूळ ही आवाजाइतकीच मोठी तक्रार, आणि तिच्यावर इलाज सोपा आहे. कोरड्या मातीवर ब्लोअर चालवायचाच नाही. झाडाच्या बुंध्याशी तर नकोच, तिथली वरची भुसभुशीत माती उडून मुळं उघडी पडतात, आणि पानं तशीही तिथेच कुजलेली बरी. धुळीची फरशी असेल तर आधी हलका पाण्याचा शिडकावा. खडी, वाळू, काचा असतील तिथे झाडूच. कबुतरांची किंवा वटवाघळांची विष्ठा साचलेली असेल तर ती कधीही उडवू नका. तिच्यात वाढणाऱ्या बुरशीचे कण श्वासातून फुप्फुसात जाऊन हिस्टोप्लास्मोसिससारखा आजार होऊ शकतो. आजूबाजूला १५ मीटरच्या आत कुणी आलं की रेस सोडायची, नळी खाली. चालवणाऱ्याच्या डोळ्यांना बंद चष्मा, नाकातोंडाला धूळ गाळणारा मास्क. गळ्यातला पंचा, ओढणी, सैल बाह्या, मोकळे केस नकोत. पंखा मागून हवा ओढत असतो आणि कापडही ओढतो. बंद जागेत, तळघरातल्या पार्किंगमध्ये पेट्रोलचं इंजिन अजिबात नको. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो.

तापलेल्या यंत्रात पेट्रोल भरणारे लोक मी रोज बघतो, काही तर यंत्र पाठीवर तसंच ठेवून दुसऱ्याला भरायला सांगतात. बंद करा, खाली ठेवा, थंड होऊ द्या, सांडलेलं पुसा, आणि भरलेल्या जागेपासून दहा पावलं दूर जाऊन सुरू करा.

सुरू करण्यावरूनही भांडणं होतात. थंड इंजिन असेल तर प्रायमरचा रबरी फुगा सात-आठ वेळा दाबायचा, नळीत पेट्रोल दिसेपर्यंत. चोक बंद, दोरी ओढा, एकदा फट्‌ असा आवाज आला की चोक उघडा आणि पुन्हा ओढा. तो आवाज ऐकूनही चोक तसाच ठेवून ओढत राहिलं की पेट्रोल भरून प्लग भिजतो. मग चोक पूर्ण उघडा, रेस पूर्ण दाबा आणि ओढत राहा. तरी नाही तर प्लग काढून पुसा आणि तो बाहेर असतानाच दोन-चारदा दोरी ओढा. दोरी ओढताना आधी हलकेच ताण येईपर्यंत घ्यायची, मग झटका, आणि परत सोडताना हातानं आत सोडायची. झपकन सोडली की स्प्रिंग तुटते. ती परत बसवणं हे मला अजूनही कटकटीचं काम वाटतं.

देखभालीत फिल्टर आणि जाळीचं वर आलंच. फोमचा फिल्टर धुवा, कागदाचा धुऊ नका, तो फक्त हलका आपटून झटका आणि खराब झाला की बदला. सिलिंडरच्या भोवतीच्या पातळ पट्ट्यांमध्ये पानांचा चुरा आणि तेलकट धूळ बसते. ती लाकडी काडीनं काढा, नाहीतर इंजिन आतून भाजून निघतं. प्लगचं टोक कॉफीच्या रंगाचं असेल तर सगळं ठीक. काळं आणि ओलं असेल तर हवा कमी किंवा ऑइल जास्त. पांढरट असेल तर सावध व्हा, पेट्रोल कमी पडतंय आणि इंजिन तापतंय, कुठेतरी नळी चिरली असेल. प्लगची फट बहुतेकांना ०.५ ते ०.७ मिलिमीटरच्या दरम्यान. टाकीतला छोटा फिल्टर वाकवलेल्या तारेनं बाहेर ओढता येतो, तो कडक झाला असेल तर नवा टाका. कार्बोरेटरवरचे, पेट्रोलचं प्रमाण ठरवणारे एल आणि एच लिहिलेले स्क्रू मात्र ज्याला कळतं त्यानंच फिरवावेत. एच जरा जास्त आवळला की रेस छान वाढल्यासारखी वाटते, आवाज खणखणीत होतो, मालक खूश, आणि काही दिवसांत पिस्टन जाम. या स्क्रूशी खेळणाऱ्यांनीच माझा धंदा चालवला आहे, तरीही सांगतो, हात लावू नका. यंत्र महिनाभर पडून राहणार असेल तर टाकी रिकामी करा, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, थंड झाल्यावर प्लगच्या भोकात थोडंसं टू-टी ऑइल टाकून दोरी हळूच ओढा आणि प्लग परत बसवा.

राहिली बंदी. तिचीही बाजू आहे, आणि ती मी नाकारत नाही. टू-स्ट्रोकमध्ये आत येणारं ताजं मिश्रण जळलेला धूर बाहेर ढकलतं आणि ढकलता ढकलता स्वतःही थोडं न जळताच निघून जातं. ही रचनेतलीच खोड आहे, कितीही फिल्टर धुतला तरी जाणार नाही. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याच्या हवा प्रदूषण बघणाऱ्या सरकारी मंडळानं हिशेब मांडला आहे की व्यावसायिक ब्लोअर एक तास चालवला तर धुरकं तयार करणारं जेवढं प्रदूषण होतं, तेवढं नवी मोटार सुमारे १,१०० मैल, म्हणजे १,७७० किलोमीटर चालवल्यावर होतं. तिथे २०२४ च्या मॉडेलपासून अशी बहुतेक नवी पेट्रोल यंत्रं विकायला मनाई झाली. आधी घेतलेली वापरायला या नियमाची आडकाठी नाही. वॉशिंग्टन शहरानं तर १ जानेवारी २०२२ पासून पेट्रोलच्या ब्लोअरची विक्री आणि वापर दोन्ही बंद केले. रोज थोडा वेळ, घराजवळच्या फरशीवर चालवायचा असेल तर मीही बॅटरीचाच घ्या म्हणेन. आवाज कमी, थरथर कमी, मिश्रणाचा घोळ नाही. पाठीवर घेऊन मोठी मैदानं तासन्‌तास साफ करायची असतील तर एका बॅटरीवर भागत नाही, जोडीला आणखी दोन-तीन आणि त्या भरण्याची सोय लागते, हे घेण्याआधी मोजा. आणि बॅटरीचा घेतला म्हणून धूळ कमी उडत नाही, चष्मा आणि मास्क सुटत नाही. मोठा बॅटरीचा ब्लोअर कानाजवळ पुरेसा मोठ्यानं ओरडतो, तेव्हा मफही राहू द्या.

ज्यांनी पेट्रोलचं यंत्र काढून टाकायचं ठरवलंच असेल त्यांनी ते टाकी भरलेलं असताना भंगारात देऊ नये, आणि शिळं मिश्रण गटारात किंवा झाडाच्या मुळाशी ओतू नये. माझ्यासारख्या कुणा कारागिराकडे ते आणून द्या.

आपला,
छोट्या इंजिनांचा एक कारागीर